हिराबाईचा अंगठा

अंबरनाथ, मंगळवार, २१ फेब्रुवारी १९९५

आज मी एका कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आणि तेव्हापासून स्वतःचाच संताप येतोय.

पालेगावची हिराबाई आमच्याकडे भाजी घेऊन येते. तिच्या वडिलांची जमीन बिल्डरला जाणार, म्हणून भावाने तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली. बदल्यात एक हिरवी साडी! मी शिक्षिका, म्हणून कागद वाचून दाखवायला मला बोलावलं. मी तो स्वच्छ आवाजात वाचलाही.

"बाई, आमची हिरा लय समजूतदार," म्हणत भावाने तिचा अंगठा धरला. विळ्याचे वण असलेला तो अंगठा त्याने शिक्क्यासारखा उमटवला.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. "अगं, नाही म्हणायचंस! कायद्याने तुझा हिस्सा आहे."

"कललं मना. पन मंग दिवालीला कोनाच्या दारात जाऊ?" अंगठ्याची शाई पुसत तिने विचारलं, "तुमी घेतलाव का तुमचा?"

साताऱ्याच्या घरावरचा हक्क मीही सोडलाय, दादा दुखावेल म्हणून. माझा अंगठा तर कुणी धरला नव्हता. वळणदार सही केली होती मी. पेनसुद्धा माझंच होतं.