संचालकांचे फोटो

२ सप्टेंबर

धनराज सरांनी आज सरळ सांगितलं — "सायली, कोड लिहीत बसायचे दिवस गेले. एडिटर शीक, नाहीतर दुसरीकडे बघ." म्हणजे इतकी वर्षं ओळ न् ओळ लिहून वेबसाइट केल्या ती हमालीच होती! ओझरच्या पतसंस्थेचं काम माझ्याकडून काढून रोहितला दिलं. तो त्या एडिटरमध्ये माउसने चौकोन ओढतो, सोडतो, की झालं पान. माझं अर्धं लिहून झालं होतं. कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

४ सप्टेंबर

शिकतेय एडिटर. बटण जरासं डावीकडे सरकवलं, तर मोबाइलवर ते थेट पत्त्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. आतला कोड उघडला — डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि शेवटी एक ओळ मजकूर. डोकं उठलं.

८ सप्टेंबर

सरांनी एडिटरचा पासवर्ड पतसंस्थेलाच देऊन टाकला. "बदल त्यांचे तेच करतील, आपल्याला ताप नाही." मी म्हटलं, सर, सगळ्या संचालकांना? नुसते हसले.

११ सप्टेंबर

व्हायचं तेच झालं. सकाळी चेअरमन कारभारी आप्पांचा फोटो वर. दुपारी व्हाइस चेअरमन हिरामण अण्णा वर, तेही आप्पांच्या दुप्पट आकाराचे. संध्याकाळी पुन्हा आप्पा, आता फेट्यासकट. चौकातला फ्लेक्स समजलेत का? ठेवींचे व्याजदर पार तळाला गेले. आणि फोन मला — "ताई, आमचा फोटू कोन खाली ओढतंय? हे काय बरोबर नाय."

१२ सप्टेंबर

अण्णांचा वाढदिवस. मुख्य पानावर केक.

१५ सप्टेंबर

वार्षिक सभा तोंडावर आलीय. आप्पा तणतणत ऑफिसात आले. "कोनालाच हलवता येनार नाय असं पान द्या. नायतर ऱ्हाऊ द्या." सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "ठीक आहे. कोडमध्येच करू." शेवटी कोडच लागला ना! इतकं हलकं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं, नोकरी राहिली. ती म्हणाली, "गेली कधी होती?" तिला काही बोललेच नव्हते मी.

१६ सप्टेंबर

ऑफिसात पोचले तर पान तयार. रोहितने एआयकडून लिहून घेतलं. मी सगळा कोड वाचला — नीटनेटका आहे, मी लिहिते तसाच. खोट काढायला जागा नाही. सर म्हणाले, "सायली, तू आता संचालकांचे फोन घेत जा. तुझं ते ऐकतात."