चातुर्मासातलं भरीत

माय, परवा पुण्याहून एक मुलगी आली होती. टेपरेकॉर्डर माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "त्या नटीला शेवटचं जेवण तुमच्या आईनेच वाढलं होतं ना? भरीत होतं म्हणे." माझं डोकंच फिरलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्या बाईंच्या मरणावर लोकांनी काय काय लिहिलं. कुणी म्हणालं हृदय बंद पडलं, कुणी म्हणालं तिने जीव दिला, कुणी तर पार दिल्लीपर्यंतच्या पुढाऱ्यांशी तिचे संबंध जोडले. दर वेळी पुढारी बदलतात, तुझं भरीत मात्र कायम. मी त्या मुलीला म्हटलं, ते यंत्र नीट चालू आहे का बघ, मग सांगते.

सांगितलं ते असं. साठ सालानंतरचा एक श्रावणी सोमवार, प्रकाशा गावच्या देवळांत गर्दी, आणि नदीकाठच्या सरकारी बंगल्यावर तू स्वयंपाकाला. वडील गेल्यापासून त्याच नोकरीवर आपलं दोघींचं चाललेलं. साहेब, म्हणजे आपल्या भागातले पुढारी, मंत्री होणार अशी त्यांची हवा होती. ते बाईंना दर्शनाला घेऊन आले. तंबूतल्या सिनेमात जिला पाहायला आम्ही शहाद्यापर्यंत बैलगाडीने गेलो होतो, ती बाई आपल्या स्वयंपाकघरात येते, पाट ओढून बसते, आणि मी बारा वर्षांची घोडी तोंड उघडं टाकून बघत राहते. तू विचारतेस, "काय खाशी बाई?" ती म्हणते, "सोमवार आहे मावशी. दूधच द्या फक्त." मग बराच वेळ ती चुलीपाशी नुसती बसली. उठताना म्हणाली, इथे बरं वाटलं, कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात तिचं आणि साहेबांचं वाजलं. ती म्हणाली, "उद्या मुंबईला गेले की तुमची पत्रं दाखवते सगळ्यांना, मग बघू कसे मंत्री होता." हे तू ऐकलंस आणि मीही ऐकलं. तू दूध तापवून पितळी पेल्यात ओतलंस आणि घेऊन निघालीस, तर साहेबांच्या सेक्रेटरीने दारातच पेला तुझ्या हातातून घेतला. "मी देतो." सकाळी बाई उठल्या नाहीत. पेला सापडला नाही, पत्रंही नाहीत. त्या दुधात काही होतं की नव्हतं हे मला माहीत नाही. तूही कधी म्हणाली नाहीस की होतं. पण त्या घरात काय शिजलं नव्हतं, ते आपल्या दोघींना पक्कं माहीत होतं.

दुपारी फौजदाराने तुझा जबाब लिहून आणला आणि तू अंगठा दिलास. तीन दिवसांनी वर्तमानपत्र आलं. बंगल्यावरच्या स्वयंपाकिणीने केलेल्या वांग्याच्या भरितातून विषबाधा, तसा तिचाच जबाब. शाळेतल्या गुरुजींनी ओट्यावर वाचून दाखवलं तेव्हा तू चक्क हसलीस. "श्रावण चालू शे. चंपासष्ठी लगुन मन्हा चुल्हावर वांगं चढत नही, हाई त्यासले कोणी सांगं नही का?" आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्याने ते लिहिलं त्याला खानदेश म्हणजे भरीत एवढंच माहीत असावं. एवढी ढोबळ चूक, आणि गावातल्या कुणीही, जे स्वतः त्या दिवसांत वांगं खात नव्हते त्यांनीही, फौजदाराला ती दाखवली नाही. साहेबांपुढे कोण बोलणार? उलट लग्नाच्या स्वयंपाकाला तुला बोलावणं बंद झालं. देवळात तुझ्या हातचा प्रसाद बाया पदरात घ्यायच्या आणि वळणावर कुत्र्याला टाकायच्या. मी पाहिलंय.

पण तू हटली नाहीस. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला तू दहा-बारा वांगी भाजलीस, सगळी आळी खोकेल असा ठसका उठवलास, आणि भरीत-भाकरीचं ताट घेऊन भर रस्त्यात ओट्यावर जेवायला बसलीस. "या, खाई ल्या. पाच महिना व्हयनात, आज पहिलांदा करेल शे." कुणी आलं नाही. तू एकटीने ताट पुसून खाल्लंस. मरेपर्यंत दर वर्षी तसंच केलंस. साहेब मंत्री झाले, त्यांचा चौकात पुतळाही झाला, आणि पुतळ्याच्या समोरच्या ओट्यावर माझी माय भरीत खात बसलेली, हे सगळं मी त्या मुलीच्या यंत्रात भरलं. म्हटलं, छापायची हिंमत असेल तर छाप. मला आता कुणाच्या बापाची भीती नाही.

एवढं बोलले, पण एक गोष्ट तिला सांगितली नाही. तू सगळ्यांना सांगायचीस, "मी अंगठा दिधा तव्हय त्यामा भरीत नव्हतं. मन्ही पोरनी वाची दावेल शे." कागद मागाहून बदलला असं तू धरून चाललीस, आणि पोर वाचणारी आहे याचा तुला केवढा अभिमान. माय, कागद कुणी बदलला नाही. भरिताची ओळ त्यात तेव्हाही होती, मधोमध, सुवाच्य अक्षरात. मी वाचायला लागण्याआधी सेक्रेटरी मला म्हणाला होता की नंदुरबारच्या वसतिगृहात साहेबांच्या चिठ्ठीशिवाय जागा मिळत नाही. त्या ओळीपाशी आले आणि मी ती गाळून पुढची वाचली. घाबरून गाळली असं म्हणता आलं असतं, पण घाबरले नव्हते. मला शिकायला जायचं होतं. गेले, शिकले, मास्तरीण झाले.

तू असतीस तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणजे ते तुला वाचून दाखवायला मीच बसले असते, आणि वरचा परिच्छेद मी वाचला असता की नाही, याची मला आजही खात्री नाही.