चटई क्षेत्र : सहा बाय चार

तीर्थरूप मामांस,

हातातली टेप खाली ठेवून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग, म्हणजे रक्तदाब, कसा आहे? मी इथे मजेत आहे. मजेत म्हणजे जेवण जातं, झोप लागत नाही, पण तुम्ही काळजी करू नका. ती मी करतोच आहे, दोघांनी कशाला करायची.

तुम्हाला ठाऊकच आहे, साडेतीन वर्षं मी इथे घरांची किंमत काढणाऱ्या साहेबांकडे आहे. कुणाला घर विकायचं असतं, कुणाला बँकेचं कर्ज हवं असतं, तेव्हा त्या घराची किंमत आम्ही सांगतो. आम्ही म्हणजे मी जाऊन मोजतो, भिंतीवर टिचकी मारतो (पोकळ भिंत आणि पोकळ माणूस, दोन्ही आवाजावरून कळतात), कोपऱ्यात नाक खुपसून ओल हुंगतो आणि ऑफिसात येऊन सांगतो. साहेब डोळे मिटून ऐकतात आणि सही करतात. बावीस वर्षांत त्यांची खुर्ची झिजली, चप्पल नाही. बरं चाललं होतं.

आता सरकारने एक मंडळ नेमलं आहे. मंडळाचं म्हणणं, कुणीही सोम्यागोम्याने उठून किंमत सांगायची नाही. शिक्षण हवं, परीक्षा हवी, आचारसंहिता हवी. (हा शब्द तीनदा बघून लिहिला आहे.) म्हणणं खोटं नाही. आमच्या गल्लीत एक जण सकाळी केस कापतो आणि दुपारी किमती काढतो, दोन्हीकडे जास्तच कापतो. पण त्या चाळणीत मी आठवी नापास सापडलो आणि साहेबही सापडले, कारण त्यांच्याकडेही अनुभव सोडला तर स्वतःच्या नावाचा छापील कागद एकच, लग्नपत्रिका. पहिल्या तारखेपासून परवाना नसेल तर कुणाच्या घरात टेप उघडायची नाही. जुन्या लोकांना सवलत एवढीच की वर्गात न बसता नुसती चाचणी द्यायची.

चाचणीला एका रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं. परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. छापील कागद दिला, त्यात पहिलाच रकाना ‘चटई क्षेत्र’. मामा, धंद्यात आम्ही ‘कार्पेट’ म्हणतो, म्हणजे भिंती सोडून आतली पाय ठेवायची जागा. त्याचंच हे शुद्ध मराठी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि नशीब बघा, त्या अख्ख्या रिकाम्या फ्लॅटमध्ये वॉचमनची एक चटई पसरलेली. म्हटलं, परीक्षा आहे, बारकावे बघत असतील. वाकून मोजली. सहा बाय चार, चोवीस चौरस फूट, सुटलेले धागे वगळून. पुढचा रकाना ‘बोजा’. बोजा म्हणजे घरावर कुणाचं कर्ज आहे का, हे आता कळलं. मी स्टुलावर चढून माळा बघितला आणि लिहिलं, ‘दोन ट्रंका, एक पिंप.’

एवढ्यावर माझं एकट्याचंच हसं झालं असतं. पण साहेबही परीक्षेलाच आले होते, आणि खिडकीला टेकून सवयीने म्हणाले, “तू मोज रे, मी उतरवून घेतो.” बाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे चोवीस फूट, दोन्हीकडे पिंप. त्यांनी एकदा त्या चटईकडे बघितलं. मग साहेबांना विचारलं, “एवढ्या घरात माणूस राहील का?” साहेब म्हणाले, “एकटा असेल तर आरामात.”

मला मात्र बाई म्हणाल्या, “तू निदान वाकून मोजलंस तरी.” पंचवीस तारखेपर्यंत एका घराचा पुरा अहवाल स्वतः करून आण, तो बघून ठरवीन. साहेब तेव्हापासून माझ्याशी खाणाखुणांनी बोलतात. त्यातली एक खूण दाराकडे असते.

म्हणून आधी घरमालकाची जागा मोजली. ओल धरली, तडे मोजले, खरी किंमत सांगितली. ती ऐकून त्याने अहवाल फाडला आणि म्हणाला, महिनाअखेर खोली रिकामी कर. (आचारसंहिता पाळण्याचा माझा पहिलाच अनुभव.) खालचा शिंपी तर दारातच आडवा झाला, “मापं घ्यायचं काम माझं, तुझं काय रे इथे?” तिसरं दार वाजवायचा धीर झाला नाही.

असो. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा भाचा

ता. क. : शेवटी तुमच्याच घराचा अहवाल केला आहे. सहा वर्षं तिथे वाढलो, इंच न् इंच पाठ आहे. मधल्या खोलीची भिंत पोकळ आहे, तिला खुंटी मारू नका. अडचण एकच. नियम असा की नातेवाइकाच्या घराची किंमत काढता येत नाही. तेव्हा एका कागदावर तुमच्या हाताने लिहून द्या, ‘सदर इसम आमचा कोणीही लागत नाही’, आणि खाली मामींची सही घ्या. मामी हे तोंडी कैकदा म्हणाल्या आहेत, आता फक्त लेखी हवं.

ता. क. दुसरा : खोटं लिहायला तुमचा हात धजणार नाही, हे मला कळतं. माझाही हे लिहिताना धजत नाहीये. तर राहू द्या. मग पंचवीसला मी नापास, तीसला खोली नाही, आणि एक तारखेला ट्रंकेसकट तुमच्या दारात, कायमचा. एवढं मामींना वाचून दाखवा आणि पेन त्यांच्या हाताशी ठेवा.