वासरू आणि नारिंगी जाकीट

६ मे १९९६, सोमवार
जाकिटं आली! पाण्यात बुडू न देणारी, पाच. नारिंगी, फुगीर, पुढे काळे पट्टे. सूनबाईने, म्हणजे उल्काने, कुठल्याशा गिर्यारोहण मंडळाकडून मागून आणली. मुलगा रणजीत बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला. येत्या रविवारी त्याच्या तिथल्या सोबत्याच्या गावी जायचं आहे. तिथे मोठं तळं आहे, आणि हरिगोल — बुट्टीसारखी गोल नाव!
उल्का पुण्याची. तिने बजावलं, "अण्णा, जॅकेट घातल्याशिवाय कोणीही बोटीत बसायचं नाही. नो म्हणजे नो."
मी एक उचलून छातीशी धरून पाहिलं. आमची सौ. राजलक्ष्मी म्हणाली, "घाला की! पोळ्याच्या बैलासारखे शोभाल."
ठेवून दिलं. पुरात तुंगभद्रा पोहून गेलेल्या माणसाने हे घालायचं?

७ मे
नातीने ती गोष्ट पुन्हा मागितली. सिद्धी नऊ वर्षांची झाली तरी तिला तीच हवी. मी दहा वर्षांचा, आजोळी, नदीला पूर, खांद्यावर वासरू, पैलतीरी गाय हंबरतेय... आज वासराच्या कपाळावर एक पांढरा ठिपकाही उमटला. कुठून आला कोण जाणे! "वासराचं नाव काय होतं?" — "कमळी," मी म्हटलं.
स्वयंपाकघरातून राजलक्ष्मीचा आवाज आला, "मागच्या वर्षी तांबू होती."

९ मे
भलतंच झालं. सिद्धी जाकीट घालायला तयार नाही. "आजोबा घालणार नाहीत, तर मीपण नाही. मी पडले तर आजोबा आहेतच!"
उल्काने समजावलं, मग दटावलं. त्यावर पोरीने आमच्या घरचा कायदाच पुढे केला. थोरल्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही, सणाचं नवं कापड आधी थोरल्यांच्या अंगावर. "मग जाकीटपण आधी आजोबांनी!"
रणजीत हसत म्हणाला, "अण्णा घालत नसतील तर मला तरी कशाला? त्यांचाच मुलगा मी."
उल्काने माझ्याकडे असं पाहिलं — मी वर्तमानपत्र उघडलं. उलटं होतं.

११ मे, शनिवार
लिहूनच टाकतो. मला पोहता येत नाही.
ते वासरू माझं नाही. चौथीच्या पुस्तकातल्या कवितेतलं आहे. मल्हारराव मास्तर टेबलावर पट्टीने ताल धरून म्हणायचे, आणि आम्हां पोरांच्या बाकांखालून पाणी वाहायला लागायचं! अजून येते, सगळीच्या सगळी. आजोळी मी नदीच्या घाटावर गेलो होतो हे खरं. पाणी घोट्याला लागलं तसा आईचा पदर धरून भोकाड पसरलं, हेही खरं.
रणजीत लहानपणी जेवायचा नाही. एकदा ती कविता सांगताना मुलाच्या जागी "मी" घातला. पठ्ठ्या दोन घास जास्त जेवला! तो "मी" पुढे निघालाच नाही. इतक्या वर्षांत मलाही अंगावरचं ते पाणी आठवायला लागलं होतं.
पण उद्या पोर पाण्यात पडली तर? ती हातपायही मारायची नाही. माझी वाट बघत राहील.

१२ मे, रविवार
तळं गाठलं. ऊन असं की पाण्यावर जणू कुणी पितळेची ताटं मांडून ठेवलीत! राजलक्ष्मीने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मल्लाप्पा नावाडी वल्हं घेऊन उभा, कानडीत बोलावत — "बन्नी अज्जा, बन्नी!" सिद्धी उड्या मारत पुढे, अंगात नुसता फ्रॉक.
काठावरच मी म्हणालो, "थांब. मला पोहता येत नाही."
"आणि कमळी?" सिद्धीने विचारलं.
"ती कवितेतली. तो मुलगापण कवितेतला."
पोरीचा चेहरा... ते लिहीत नाही. मी जाकीट चढवलं. पोटावर पट्टा पुरेना. उल्काने ओढून बसवला. ओढताना हळूच म्हणाली, "थँक्यू, अण्णा." मग सिद्धीने मुकाट्याने घातलं. रणजीतने तर केव्हाच चढवलं होतं, आणि पट्टे तीनतीनदा ओढून पाहत होता.
तळ्याच्या मध्यावर नाव भोवऱ्यासारखी गिरकी घेऊ लागली, आणि मला राहवेना. कविता म्हणायला उभा राहिलो. नाव कलली! मल्लाप्पा ओरडला, "अज्जा! कूतकोळ्ळी!" राजलक्ष्मीने धोतराचा सोगा धरून मला खाली बसवलं. "जाकीट घातलंत म्हणून अक्कल काढून ठेवायची नसते!"
सगळे हसले. सिद्धी नाही.

१३ मे
सिद्धी बोलत नाही. रणजीतही गप्प गप्पच.

१५ मे
दुपारी सिद्धी आली. दारातच उभी राहिली. "कवितेतलं वासरू तरी पोचलं का?"
"पोचलं."
"म्हणून दाखवा."
अख्खी म्हटली. टेबलावर पट्टीने ताल धरला. शेवटच्या कडव्याला ती माझ्या शेजारी बसलेली होती. "आजोबा, यात तुम्ही नसलात तरी चालतं," म्हणाली. — एवढ्या वर्षांत असा अभिप्राय कोणी दिला नव्हता!

१६ मे
सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी रणजीत माझ्या खोलीत आला. बुटाची नाडी बांधत, मान खाली घालूनच बोलला. "अण्णा, मलापण पोहता येत नाही. लहानपणी तुम्ही तरणतलावावर शिकायला पाठवायचात ना, तेव्हा मी बाहेरच्या नळाखाली डोकं आणि टॉवेल भिजवून घरी यायचो. तुमचा मुलगा, आणि पाण्याला घाबरतो... कसं सांगणार?"
राजलक्ष्मी कॉफी घेऊन उभी होती. म्हणाली, "त्या टॉवेलला तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास एकही दिवस आला नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं तर लग्नाच्या वर्षीच."

२० मे, सोमवार
तरणतलाव, सकाळी साडेसहा. रणजीत आणि मी, दोघेही कठड्याला घट्ट धरून. काठावरून सिद्धी ओरडतेय — "थोरल्यांनी आधी!"