तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत

२ जानेवारी १९८५, भुईगाव
आई उगीच घाबरली होती. जागा झकास आहे! रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी चार महिने मराठी शिकवायचं आणि राहायचं सालोमीबाईंकडे. चहूकडे केळी, विहिरीचं पाणी गोड. त्यांचे यजमान ॲन्सेल्म मस्कतला असतात. मुलगी लूर्डसचं लग्न ठरलंय. धाकटा कॉन्रॅड माझ्याच वर्गात, दहावीत. बाप जवळ नाही, त्या बदल्यात त्याला घड्याळ, बूट, टेपरेकॉर्डर, मागेल ते मिळतं. पोरगं लाघवी आहे.

११ जानेवारी
कॉन्रॅड वर्गात झोपतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शाळा सुटली की राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात मोठ्या पोरांबरोबर बसतो म्हणे. ते त्याला आपल्यात घेतात, याचंच त्याला कौतुक. आज त्याच्या बाकाखाली सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सापडला, मधोमध जळलेला. असा कागदावर जाळून धूर ओढतात, वर्तमानपत्रात वाचलं होतं. गर्द.

१३ जानेवारी
सालोमीबाईंना सांगितलं. रडल्या नाहीत. त्याला मागच्या खोलीत घालून कुलूप लावलं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं तेव्हा सांगायची. आज पहिला पुकारा झाला. वरपक्षाला कळलं तर लूर्डसचं लग्न मोडेल. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाल्या, डॉक्टर वरपक्षाच्याच नात्यातले. शाळेत कांजिण्या सांगायचं मी कबूल केलं. माझी मलाच लाज वाटते.

१६ जानेवारी
तो कापतो, ओकतो, हाडं मोडतायत म्हणून ओरडतो. नाक गळतं, तर सालोमीबाईंना ती सर्दीच वाटते. इथं सर्दीला घरची दारू लवंग घालून चमचाभर देतात, लहान पोरांनासुद्धा. चमच्याचा आता पेला झालाय. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, बाई, तुमच्यात नसेल, आमच्यात हे औषध आहे.

२० जानेवारी
दुसरा पुकारा. ओरडणं थांबलं. माझी पावलं ओळखतो. दाराआडून नुसतं “बाई” म्हणतो. मला जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी
टेपरेकॉर्डरच्या सेलच्या खणात पुडी आहे, म्हणाला. एकदाच द्या. मी कान झाकले. मग खण उघडून पाहिला.
आहे.

२७ जानेवारी, सकाळ
तिसरा पुकारा. सगळे चर्चमध्ये मिस्साला गेले. पहाऱ्याला मी. किल्ली सालोमीबाईंच्या कमरेला. तो निजावा म्हणून जाताना त्यांनी पेलाभर दारू पाजली. निजला नाही. दारावर डोकं आपटत होता. तेवढ्यात वराची आत्या अंगणात – जाताजाता पाणी प्यायला. मी घाबरले. पुडी, चंदेरी कागद आणि काडेपेटी दाराखालून सरकवली. शांत झाला. मी आत्याबाईंना पाणी दिलं. हसले. त्या गेल्या.

साडेनऊ
घोरतोय. उकळत्या भांड्यासारखा. हाका मारल्या. दार ठोठावलं. घोरणं तसंच.

नऊ पस्तीस
घोरणं बंद. श्वास आला. अठरापर्यंत मोजलं. मग दुसरा. डॉक्टरांना सांगावं लागेल म्हणून लिहितेय –

फटीतून बोटं दिसतात. नखं निळी. दार हलत नाही. ओरडावं, पण वाटेवर माणसं आहेत, ऐकतील, अजून पुकारा –

एकतीस.

चाळीस –

घंटा. मिस्सा सुटली. नावं पुकारून झाली. आता ओरडलं तर चालेल. कॉन्रॅड, आता मी ओर–