लेकीच्या नावावर खाल्लेली चिंच

९ जानेवारी
टूथपेस्टविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. इतकी वर्षं जिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, तिनं आज सकाळी मला बेसिनवर वाकवलं. उलटी नाही, नुसते उमासे. मग चहा फितूर झाला. मग लसूण. पित्त असणार. पंचेचाळिशीत बाईला दुसरं काय होतं!

१२ जानेवारी
पित्त नाही.
दोन महिने पाळी आली नाही तेव्हा सुटले म्हणून मी खूश होते. घाई झाली.
डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडं वळवला. राखाडी ढगात काहीतरी लुकलुकत होतं. "ठोके छान आहेत. आधीची मुलं?" एक मुलगी म्हटलं, चोवीसची, लग्न झालेली. बाईंनी कागदावरचं माझं वय परत वाचलं. "ठेवायचं की नाही ते ठरवा, फार दिवस लावू नका."
बाहेर बाकावर सगळ्या शिवांगीच्या वयाच्या. एकीनं सरकून जागा दिली — "बसा मावशी. सुनेला आणलं का?" मी हो म्हटलं. मला सून नाही. मुलगाच नाही.

१३ जानेवारी
वीरभद्रला सांगितलं. आडतीवर सोयाबीनच्या ढिगापुढं दिवसभर ओरडणारा नवरा एकदम हळू बोलून राहिला. "शिवांगीला कसं सांगायचं?" मग — "तुझी तब्येत कशीय?" क्रम चुकला, पण विचारलं.
शिवांगी. माझी लेक, नांदेडला दिलेली. दोन वर्षं दवाखाने चालू आहेत. इंजेक्शनांनी निळं पडलेलं तिचं पोट मी पाहिलंय. दर महिन्याला फोनवर तेच — "नाही गं आई."
आणि इथं तिच्या आईला, न मागता.
दर रविवारी पेपरातल्या सदरात लोकांच्या टोप्या उडवते मी. आज स्वतःच्या डोक्यावर पदर ओढून झोपले.

१७ जानेवारी
छाती दुखते. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. दुपारी बसल्या जागी झोप येते, दाण्याच्या पोत्यासारखी. आणि आज गाभुळलेल्या चिंचेशिवाय दुसरं काही सुचेना. शेजारच्या महादेवीअक्कांच्या दारात झाड आहे. गेले.
"तुला कवापासून चिंच लागली? तुझे तर दात आंबतेत." पिशवी बांधता बांधता अक्का थांबल्या. "नांदेडला पाठवून राहिलीस व्हय? शिवांगीला?"
नुसती हसले.
"लई झ्याक झालं बग. म्या कुनाला सांगत न्हाई." अक्कांचं न सांगणं म्हणजे देवळावर भोंगा लावणं.
गच्चीत बसून सगळी पिशवी संपवली. लेकीच्या नावावर.

२१ जानेवारी
अक्का दारात. हातात पिशवी — हिरवा खण, नारळ, हळकुंड, ओंजळभर गहू.
"तिसरा लागला आसंल की. चोरओटी भराय पायजे, गुपचूप. माज्या गुडघ्याला नांदेड झेपत न्हाई, तू जाऊन माज्या नावानं भर."
खरं सांगायला तोंड उघडलं. खरं वर येण्याआधी मळमळ वर आली. पिशवी घेतली.

२२ जानेवारी
शिवांगीचा फोन. "आई, आपल्या लातूरहून कुणीतरी सासूबाईंना फोन करून पेढे मागितले. त्या मला म्हणाल्या, आमच्यापासून का लपवलंस? मी काय सांगू त्यांना?"
आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.
"उद्या येते," म्हटलं.

२३ जानेवारी, नांदेड
एसटीत खिडकीला डोकं लावून आले. ती दारात भेटली तिथंच सांगून टाकलं, आत गेल्यावर धीर झाला नसता. दिवस मला गेलेत. अक्कांनी तुझं नाव घेतलं आणि मी गप्प बसले.
ती आत गेली. घासलेलीच भांडी परत घासत राहिली. मी ओट्याजवळ उभी.
"दुनियेच्या खोट्यावर लिहितेस तू."
"हो."
"दिवस गेले म्हणून राग नाही आला, असं म्हणणार होते. पण तोही येतोय, कशाला लपवू? पण माझ्या नावावर का खपवलंस?"
मग माझ्या तोंडून निघालं — तू म्हणत असशील तर काढून टाकते.
नळ बंद झाला.
"माझ्यासाठी काढू नको. तेही माझ्याच नावावर?"
अक्कांची पिशवी तिनं उघडून पाहिली. गाठ मारली, माझ्यापुढं सरकवली. "तुझीय ही."
रात्री तिनं वरण साधंच केलं, लसणाची फोडणी दिली नाही. मी काही सांगितलं नव्हतं.

२४ जानेवारी
परतीच्या एसटीत मांडीवर पिशवी. उतरेपर्यंत हात पोटावर होता. कुणी बघितलं असेल. बघू दे.

२५ जानेवारी
रथसप्तमी. निघताना अक्कांच्या पिशवीतले गहू पदराला गाठ मारून घेतले. अक्कांकडं हळदीकुंकू, सगळी गल्ली जमलेली. अक्कांनी वाण द्यायच्या आधीच विचारलं, "भरली का गं पोरीची ओटी?" ओटी घेणारीनं त्यातलं चिमूटभर भरणारीला परत द्यायचं असतं. मी पदराची गाठ सोडली, त्यांचे गहू चिमटीत घेतले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या ताटात ठेवले.