गाडीचं माहेरपण

गारखेडा, औरंगाबाद
६ मे १९९८

प्रिय कारभारी यास शफीचा सलाम. वि. वि.

शनिवारी गाडी तुझ्या ताब्यात दिली. आज बुधवार. सुखरूप पोचलास एवढं तरी कळवायचं.

चाळीस वर्षं तुला ओळखतो. शाळेत माझी पाटी नेलीस आणि फुटकी परत दिलीस. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो. सुमो सकाळी लगेच पळवू नये. दोन मिनिटं गुरगुरू द्यावं. दुसरा गिअर समजुतीनं टाकावा. चिंचेखाली उभी करू नये, पाखरं घाण करतात. टपावर मक्याची पोती टाकू नयेत. तू टाकणार हे माहीत आहे, तरी लिहितो.

हसू नकोस. गाडी गल्लीबाहेर पडली तेव्हा मी हात हलवला. मागच्या काचेतून कोणी वळून बघतंय असं वाटलं. गाडीत तू आणि तुझा मेहुणा फकिरा दोघंच होतात, आणि दोघंही पुढं बघत होतात.

विकली ते बरंच झालं. सिल्लोडचं अंगण सोडून पोराच्या, गयासच्या घरी राहायला आलो. इथं गाडी दारात उभी केली की शेजाऱ्यांची स्कूटर अडकायची. गयास वाळूजला कंपनीच्या बसनं जातो. त्याला गाडी नको. मेहरुन्निसा बहिणीकडं भोकरदनला लग्नाला गेली आहे. रविवारी येईल.

दगडावहिनींना सलाम. माझ्यावर लोभ आहेच, थोडा गाडीवरही असू दे.

तुझा
शफी


धामणवाडी, ता. सिल्लोड
२० मे १९९८

श्री. रा. रा. शफीव्याही यांस कारभारीचा सा. न. वि. वि.

उशीर झाला. लग्नसराई होती. आजपासून तुला व्याही म्हणणार. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, की मी गाडी आणली नाही, सून आणली.

सून खुशाल आहे. दारात आली तेव्हा दगडाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला कुंकू लावलं. मग घरातली माणसं आत बसली. फकिरा धरून अकरा. दार लावायला बाहेरून एक जण लागला. तो मी. गाडी निघून गेली. पहिल्या फेरीला मालक दारात उभा.

फकिराची एक गंमत आहे. एसटीत तीस वर्षं काढली. घंटी वाजल्याशिवाय त्याचा पाय हलत नाही. शेवटी बैलाच्या गळ्यातली घंटा काढून गाडीत बांधली. दोन टोल्यांना सुटतो, एका टोल्याला थांबतो. दोरी दगडाबाईच्या हातात. सिल्लोडपर्यंत प्रत्येक थांब्यावर गाडी उभी राहते. परवा दोन अनोळखी माणसं चढली आणि माझ्याकडं तिकीट मागू लागली.

मक्याची पोती टाकलेली नाहीत. कांद्याची टाकली.

लेकीचा बाप म्हणून घोर लावून घेऊ नकोस. पहिली पंचमी माहेरी, ही रीत मी मोडणार नाही. पंचमीला गाडी धुऊन, हार घालून तुझ्या दारात पाठवीन. हे लेखी देतो.

भाभींना नमस्कार. त्या गाडी द्यायला तयार झाल्या. मन मोठं.

लोभ जुना होता, आता सोयरीक झाली. तशी वागणूक ठेवावी.

तुझा व्याही
कारभारी


गारखेडा, औरंगाबाद
२५ जून १९९८

प्रिय कारभारी यास सलाम. वि. वि.

तुझ्या पत्रानं माझ्या घरात आग लावली.

भाभींचं मन मोठं, असं लिहिलंस. भाभींना ठाऊकच नव्हतं. ती लग्नाहून परत आली आणि गाडी कुठं आहे म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की मिस्त्रीकडं कामाला टाकली आहे. उद्या खरं सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो. ती रोज विचारायची, आज काय निघालं. मी आधी क्लच सांगितला. मग रेडिएटर. मग गिअरबॉक्स. दोन आठवड्यांत त्या धडधाकट गाडीचं सगळं इंजिन मी तोंडानं खोलून ठेवलं.

मग तुझं पत्र आलं. शनिवारी गयासच्या हाती पडलं, रविवारी त्यानं फोडलं. गयास चहा पिता पिता मोठ्यानं वाचू लागला. सून आणली, इथं आम्ही सगळे हसलो. तीही हसली. तिला वाटलं, तुझ्या घरी खरीच कोणाची तरी सून आली. बॉनेटला कुंकू लावलं, इथं ती हसायची थांबली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते गयासला सांगते. तो पाळीवर गेला की भिंतीला सांगते. भिंतीला म्हणते, की ज्याला जेवायचं असेल त्यानं जेवून घ्यावं. मीही भिंतीला विचारून बघितलं, की मीठ कुठं ठेवलं आहे. भिंत सांगत नाही.

एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती रागावली की जास्त बोलायची, आणि मी कंटाळायचो. आता मला घरात तो आवाज हवा आहे. टीव्ही लावून बघितला. त्यानं भागत नाही.

पंचमीचं लेखी दिलं आहेस. गाडी पाठव. तिला तिच्या खिडकीशी बसवून भोकरदनला नेईन. बहुतेक बोलेल.

लोभ राहू दे. हल्ली माझ्याकडं तेवढाच आहे.

तुझा
शफी


धामणवाडी
४ जुलै १९९८

श्री. शफीव्याही यांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो नाही, असं लिहिलं तर ते तुझ्या मिस्त्रीसारखं होईल. हसलो. मग वाईट वाटलं. मग भिंतीचं पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसलो. माफ कर.

अडचण अशी आहे. माझ्या चतुराची लग्नानंतरची ही पहिली पंचमी. तिला कन्नडहून याच गाडीनं आणायचं कबूल केलं आहे. तिनं सासरी गावभर सांगून ठेवलं. आता गाडी एक आणि माहेरवाशिणी दोन. कोणाला दिलेला शब्द मोडू?

तुला एक सांगतो. मी तरी दगडाबाईला कुठं विचारलं होतं? दारात गाडी आली तेव्हाच तिला कळलं. ओवाळणं झालं, कुंकू झालं, आणि मग ती बोलायला लागली. अजून बोलतेच आहे. तुझी बोलत नाही, माझी थांबत नाही. दोघींची सरासरी काढता आली असती तर दोन घरं सुखी झाली असती.

हे वाक्य तिच्या नजरेस पडायला नको. म्हणून पत्र लगेच फकिराच्या हातात देतो, टपालात टाकायला.

धीर धर. लोभ आहे, उपाय नाही.

तुझा
कारभारी


धामणवाडी
५ जुलै १९९८

सौ. मेहरुन्निसाभाभींना दगडाबाईचा नमस्कार. वि. वि.

आमचे मालक आणि तुमचे मालक एकमेकांला पत्रं लिहितात. मी ती सगळी वाचते. कालचं पत्र त्यांनी फकिराकडं दिलं. फकिरा माझा सख्खा भाऊ हाय, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाय. सरासरीचंबी वाचलं. त्याचं बघीन मी.

भाभी, तुम्हाला न विचारता गाडी विकली आणि मला न विचारता घेतली. म्हंजी या सौद्यात आपण दोघी कुठंच नव्हतो. आता मला विचारलं असतं तर मी काय नको म्हणले असते? व्हयच म्हणले असते. लई चांगली गाडी हाय. पण तोंडानं विचाराया काय जात होतं?

तुम्ही इतके दिस गप बसला, असं वाचलं. कसं जमतं ते कळवा. मी एकदा बसून बघितलं. भाकर भाजून होईतो टिकले.

पंचमीला चतुराला आणाया मी जाणार हाय. गाडी फकिरा चालवंल. कन्नडहून तशीच तुमच्या दारात येते. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. गाडीच पाहिजे असंल तर तसं लिहा. घंटेची दोरी माझ्या हातात हाय.

गयासला आशीर्वाद. माया ठेवा, मीबी ठेवते.

तुमची
दगडाबाई


गारखेडा
१२ जुलै १९९८

दगडावहिनींना मेहरुन्निसाचा सलाम. वि. वि.

मला गाडी नको.

ती विकली याचाही राग नाही. गल्ली अरुंद आहे हे मलाही दिसतं. राग आहे तो मिस्त्रीचा. रोज मी विचारायचे आणि रोज ते नवीन काहीतरी मोडल्याचं सांगायचे. सांगताना चेहरा इतका पडलेला असायचा, की मला वाटलं आता गाडी वाचत नाही. एक दिवस मी शेजारणीबरोबर खुलताबादला गेले आणि दर्ग्यात मन्नत मागितली. गाडी बरी होऊ दे, चादर चढवीन. वहिनी, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. गयास हसेल, आणि गयासच्या अब्बांना तोंड लपवायला जागा राहणार नाही.

आता गाडी बरी आहे. कांदे वाहते. म्हणजे मन्नत पुरी झाली. ती फेडायला हवी, आणि गाडीला बरोबर न्यायला हवं. एवढं करा.

गप्प बसणं सोपं नाही. परवा दूध उतू चाललं होतं. ते शेजारीच बसले होते. मी भिंतीला सांगेपर्यंत अर्धं गेलं. बोलायचं मलाही आहे. पण पहिला शब्द कोणता, ते ठरत नाही. गोड बोलले तर विसरले असं होईल. भांडले तर भांडून मिटलं असं होईल. तुम्ही इतकं बोलता, तुम्हाला सुचलं तर सांगा.

चतुराला दुवा. लोभ सांभाळून ठेवा, पंचमीला बरोबर घेऊन या.

तुमची
मेहरुन्निसा


गारखेडा
३० जुलै १९९८

प्रिय कारभारी यास हजार सलाम. वि. वि.

ती बोलली.

पंचमीला दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी घंटेचा एक टोला पडला. मी धावत गेलो. खरं लिहितो, आधी बॉनेटला हात लावला आणि मग वहिनींना सलाम केला. चतुरा होती, चतुराची सासू होती. हे सगळं कोणी ठरवलं, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तू शब्द पाळलास.

मेहरुन्निसा घरातून आली. नवी साडी, हातात पिशवी. माझ्यापुढून गेली आणि खिडकीशी बसली. मी मागोमाग चढायला पाय उचलला. तेव्हा तिनं माझ्याकडं बघून विचारलं, की तुम्ही कुठं निघालात? मग म्हणाली, की तांदूळ डब्यात आहेत आणि मीठ उजव्या फळीवर आहे.

पासष्ट दिवसांनी, कारभारी. भिंतीला नाही. मला.

दोन टोले पडले आणि फकिरानं गाडी सोडली. मी गल्लीत उभा राहून हसत होतो. शेजाऱ्यानं विचारलं, की गाडी परत घेतली की काय. मी त्याला सांगितलं, मीठ उजव्या फळीवर आहे.

आनंदात एक विचारायचं राहून गेलं. कुठं चाललात आणि परत कधी येणार. आज तिसरा दिवस. तुझ्याकडंच असतील. तिला विचार, की हळद कुठल्या फळीवर आहे? खिचडी पांढरी होते. पत्र सिल्लोडच्या एसटी ड्रायव्हरकडं देतो, लवकर पोचेल.

लोभ उतू चालला आहे. तुलाही पाठवतो.

तुझा
शफी


धामणवाडी
३१ जुलै १९९८

प्रिय शफी यास सा. न. वि. वि.

माझ्याकडं नाहीत. मी समजत होतो तुझ्याकडं आहेत.

सुना माहेरी गेल्या आहेत. घरात मी आणि दोघं पोरं. तिघांनाही वाटत होतं, की उरलेल्या दोघांपैकी एकाला भाकरी येत असेल. कोणालाच येत नाही.

फकिराचे एसटीतले दोस्त बातम्या आणतात. मंगळवारी गाडी खुलताबादला दर्ग्याबाहेर उभी होती, बॉनेटवर फुलांची चादर. दुसऱ्या दिवशी वेरूळला. तिथं दोघी घृष्णेश्वराच्या रांगेतल्या लोकांना मागं सरकायला लावून जागा मिळवत होत्या म्हणे. मग म्हैसमाळच्या डोंगरावर. तिथं ढग इतका उतरला होता, की गाडी दिसली नाही, नुसती घंटा ऐकू आली. पुढचा पत्ता नाही.

चार दिवस जाते, असं दगडाबाई सांगून गेली नाही. न विचारता करायचं हे कोणाकडून शिकली, ते मी लिहीत नाही.

भाभी बोलल्या, फार बरं झालं. इथं फार शांत आहे. सरासरीचं वाक्य मी मागे घेतो. तिला सांगू नकोस, मी सांगीन.

लोभ असू दे. आणि भाकरी येत असेल तर कृती पाठव.

तुझा
कारभारी


कन्नड
१ ऑगस्ट १९९८

गयासचे अब्बा यांस सलाम. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एकतीस वर्षांत लिहायचा प्रसंगच आला नाही. वर नाव लिहायचं होतं, हात धजला नाही. पाकिटावर चतुरानं लिहिलं आहे.

मी मजेत आहे. आम्ही चतुराच्या सासरी उतरलो आहोत. डोंगरावर काचा उघड्या होत्या आणि ढग गाडीत शिरला. दगडावहिनी दिसेनाशा झाल्या, पण बोलत होत्या, म्हणून हरवल्या नाहीत. खुलताबादला चादर चढवली. कशासाठी, ते घरी आल्यावर सांगेन. बसून ऐका.

आता कामाचं. चतुराच्या सासऱ्यांची एक जुनी जीप आहे, आखूड. त्यांना ती विकायची आहे. मी स्वतः हातानं मोजली, सात हात भरली. आपल्या दारात आठ हात जागा आहे. रंग उडाला आहे. खिडकीला काच नाही, कापड आहे, वारा छान लागतो. फकिराभाऊंनी चालवून बघितली. इंजिनात काही खोट नाही म्हणतात. मी पुढं बसून आले. मला ती हवी आहे.

दगडावहिनी म्हणतात, घेऊन टाका, दारात उभी राहिली की कळेल त्यांना. चतुराची सासूही तेच म्हणते. मी नको म्हटलं. घर दोघांचं आहे, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर घेणार नाही. वाईट वाटेल, पण घेणार नाही. विचारायचं म्हटलं की तेवढं आलंच.

विचार करून सांगा, घाई नाही. मी गुरुवारपर्यंत इथं आहे. उत्तर पत्रानंच पाठवा, कोणाकडून निरोप नको. तुमच्या हातचं पत्र मला कधी आलेलं नाही.

लोभ मधे रुसला होता. आता नाही.

तुमची
मेहरुन्निसा